परवा फुल चार्ज

इंग्लंडमधल्या आमच्या ब्रॅकनेलच्या घरात फोडणी हे एकट्याने करायचं काम नव्हतं. आईने कढईत तेल टाकलं की बाबा हातातलं सोडून हॉलमधल्या स्मोक अलार्मखाली जाऊन उभे राहायचे आणि मोहरी तडतडायला लागली की वर्तमानपत्राच्या घडीने वारा घालायचे. तरी तो मेला अलार्म कोकलायचाच. मग शेजारची मार्गरेट भिंतीवर दोनदा ठोकायची, म्हणजे कळलं, आग नाही, तुमचा स्वयंपाक आहे. बाबा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. दिवसभर लोकांना झोपवून आलेला हा माणूस रोज संध्याकाळी एका प्लास्टिकच्या चकतीपुढे हात टेकायचा आणि आई आतून म्हणायची, अहो, जरा जोरात हलवा की. पानात मात्र सगळं साग्रसंगीत असायचं. आमटी, भात, लिंबाची फोड, शनिवारी थालीपीठ आणि त्यावर दुकानातलं सॉल्टेड बटर, कारण घरी लोणी काढायला वेळ कुणाला होता. जेवताना मराठीतच बोलायचं हा बाबांचा कायदा होता. तो मोडला की ते ऐकूच आलं नाही असं दाखवायचे, त्यामुळे मीठसुद्धा मराठीत मागावं लागायचं.

आता माझं मराठी म्हणजे आनंदीआनंद होता. 'तो भाजी दे', 'ती पंखा बंद कर'. वाचता यायचं, पण एकेक अक्षर लावत, आणि वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाशी पोचेपर्यंत सुरुवातीला काय होतं ते मी विसरलेली असायचे. आज जे लिहिते आहे ते मराठी मी मोठेपणी, हट्टाने शिकले, आणि का शिकले ते इथे लिहून ठेवायचं आहे. कंपनीतली मोठी खुर्ची सोडून आता वर्ष झालं. तिथे होते तेव्हा कॉन्फरन्समध्ये मला हमखास विचारायचे, तुम्ही बॅटरीकडे कशा वळलात. मी त्यांना लहानपणी पाहिलेल्या दूधवाल्याच्या इलेक्ट्रिक गाडीची एक गोड गोष्ट सांगायचे. सगळ्यांना आवडायची. धादांत खोटी आहे. आमच्या गल्लीत दूधवाला येतच नव्हता, आम्ही दूध सुपरमार्केटमधून आणायचो.

पदवी घेतल्यावर मला पहिली नोकरी लागली ती गावाबाहेरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका शेडमध्ये. डिझेलच्या व्हॅन आणायच्या, इंजिन काढून टाकायचं आणि मोटर-बॅटरी बसवून द्यायची, एवढाच धंदा. माणसं बारा. विजेवरची गाडी म्हणजे गोल्फच्या मैदानावरचं खेळणं, असं लोकांना वाटायचं, असे ते दिवस. मालक ग्रॅहम उंच, तापट नसलेला, चांगला माणूस, पण त्याचं प्रत्येक काम कालच व्हायला हवं असायचं. डिग्रीवाली इंजिनीअर मी एकटी, म्हणून गाडी रस्त्यावर काढायच्या फॉर्मवर सही माझी. चोवीस वर्षांची मी, आणि त्या सहीचा तोरा असा की विचारू नका. बॅटरीची खरी अक्कल ज्या माणसाकडे होती त्याला सहीचा अधिकार नव्हता. ते आमचे वाघमारे काका.

काका पिंपरीच्या एका कारखान्यात वीस वर्षं बॅटऱ्यांवर काम करून वर्क परमिटवर आलेले. चाळिशी उलटलेली, अंगाने किरकोळ, बोलणं कमी. शनिवारी शेडमध्ये जादा काम आणि रविवारी न चुकता बुद्धविहार, हा त्यांचा नेम. बायको शोभा आणि मुलगी तिकडे पुण्यालाच होत्या. परमिट वाढून मिळालं की दोघींना आणायचं म्हणून त्यांचा दोन वर्षं जीव टांगणीला लागला होता, आणि भाड्याच्या खोलीत त्यांनी मुलीच्या अभ्यासाचं टेबल आधीच आणून ठेवलं होतं. त्यांचं इंग्रजी बोलणं ठीक होतं, पण त्यांचं स्पेलिंग वाचून एकदा शेडमधला एक जण मोठ्याने हसला. त्या दिवसापासून माझ्यासाठीच्या सूचना ते मास्किंग टेपवर मराठीत लिहून गाडीला चिकटवू लागले. वाचणारी मी एकटी. सुरुवातीला ती चिठ्ठी म्हणजे सरकारी परिपत्रकच असायची, 'सदर भाग बदलण्यात आला असून', इथून सुरुवात. मला एक ओळ लावायला पाच मिनिटं लागायची. शेवटी मी वैतागून म्हटलं, काका, शॉर्टमध्ये लिहा ना, ते करण्यात आलं-बिलं काढून टाका, मला नुसते मेन शब्द द्या. ते हसले आणि दुसऱ्या दिवसापासून मोठ्या ठळक अक्षरांत तीन-चार शब्द लिहायला लागले. माझी सोय झाली आणि मी खूश.

एका आठवड्यात कौन्सिलला, म्हणजे गावच्या नगरपालिकेला, एक व्हॅन दाखवायची होती, म्हाताऱ्या माणसांना घरपोच गरम जेवण द्यायला. गुरुवार ठरला होता. त्याच्या आधीच्या शुक्रवारी तिच्या बॅटरीतला एक भाग बिघडला आणि काकांनी तो बदलला. नवा भाग घातला की संपूर्ण पॅक एकदा सावकाश, नजरेखाली, पूर्ण चार्ज करून नव्याला बाकीच्यांच्या पातळीला आणावं लागतं. नाही आणलं तर मीटर सगळ्यांची सरासरी दाखवत बसतो, भरपूर आहे म्हणतो, आणि तो एकटा उपाशी भाग वाटेत मान टाकतो. त्याच्याबरोबर सगळी गाडी बंद. हे चार्जिंग काका दुसऱ्या कुणावर सोपवायचे नाहीत. सोमवारी संध्याकाळी ते गाडीवर चिठ्ठी लावून गेले, कारण मंगळवारी त्यांची क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात अपॉइंटमेंट होती.

मंगळवारी सकाळी ग्रॅहम फोन कानाला लावूनच शेडमध्ये शिरला. कौन्सिलच्या माणसांना गुरुवार जमणार नव्हता, त्यांना आजच दुपारी गाडी बघायची होती. मी व्हॅनपाशी गेले. स्टिअरिंगवर टेप होती. 'परवा फुल चार्ज. मग रोडवर.' मी वाचलं ते असं, की परवा फुल चार्ज झाला, आता रस्त्यावर न्यायला हरकत नाही. काका शनिवारी येतातच, म्हणजे शनिवारी केला असणार. मीटरवर ऐंशी टक्के दिसत होते. चार्जरच्या कॉम्प्युटरवर नोंद बघायला चार मिनिटं लागतात, ती मी बघितली नाही. जॉब कार्डावर चार्जिंगचा रकाना कोरा होता, तो दिसला. काकांना इंग्रजीत लिहायचा कंटाळा, म्हणून कोरा असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. फॉर्मवर 'चार्ज पूर्ण'पुढे टिक केली, सही ठोकली, टेप उपटून माझ्या वहीत चिकटवली आणि कॉलिनला म्हटलं, चल.

कॉलिन आमचा टेस्ट ड्रायव्हर, साठीचा, आयुष्यभर बस चालवलेला. तो चालवत होता आणि मी शेजारी. दहा मिनिटांत ड्युअल कॅरेजवेला, म्हणजे मोठ्या हायवेला लागलो. इंजिनाची गाडी बंद पडताना आधी सांगते, खोकते, गचके देते. ही काहीच बोलली नाही. आवाज आधीही नव्हता आणि नंतरही नव्हता, फक्त सीटला टेकलेली माझी पाठ हळूच पुढे आली. कॉलिन म्हणाला, पॉवर गेली. एकदम शांतपणे म्हणाला. मीटर तेव्हाही सत्तरच्या वर होता. मी आरशात बघितलं तर मागे लॉरी, आणि माझी पाचावर धारण बसली. कॉलिनने उरलेल्या वेगावर गाडी डावीकडे घेतली, पण पुरती कडेला आली नाही. लॉरीचा हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. तिची कड आमच्या मागच्या कोपऱ्याला लागली, व्हॅन गर्रकन फिरली आणि कॉलिनच्या बाजूने रेलिंगवर आदळली. त्याचं मनगट आणि दोन बरगड्या मोडल्या. मला ओरखडाही आला नाही, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

कॉलिनला ॲम्ब्युलन्समध्ये घालत होते तेव्हा ग्रॅहम येऊन पोचला. चार्ज केला होता ना, त्याने विचारलं. मी म्हटलं, वाघमारेंची चिठ्ठी होती, चार्ज झालाय म्हणून. हे मी विचार करून बोलले नाही. पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं.

बुधवारी काका कामावर आले तेव्हा त्यांच्या हातात क्रॉयडनहून आणलेली फाइल होती. ग्रॅहमने त्यांना ऑफिसात बोलावलं, मी तिथेच होते. सगळं ऐकून ते म्हणाले की चार्ज केलेला नव्हता, आज करायचा होता, आणि चिठ्ठीत तेच लिहिलं आहे. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, मी आता पटकन 'हो, बरोबर' म्हणेन अशा नजरेने. त्या क्षणी मला लख्ख कळलं. यायचा परवा. गेलेला नव्हे, यायचा. आणि मी मूग गिळून बसले. ग्रॅहम कपाळ चोळत म्हणाला की तुम्ही दोघं एकाच ओळीचे उलटे अर्थ सांगताय, म्हणजे कुणीतरी एक खोटं बोलतंय. सोमवारी विमा कंपनीची बाई चौकशीला येणार होती. तोपर्यंत काकांनी घरी थांबायचं. दोष त्यांचा ठरला तर नोकरी जाणार, नोकरीबरोबर परमिट जाणार, आणि शोभाकाकू आणि मुलगी यायच्या त्या येणारच नाहीत, हे मला माहीत होतं आणि ग्रॅहमलाही. काका गेल्यावर त्याने मला सांगितलं की त्या टेपचं इंग्रजी भाषांतर करून, खाली सही करून सोमवारी आण. बाहेरच्या भाषांतरकाराला कशाला शोधायचं, तू इथली शिकलेली, डॉक्टरांची मुलगी. त्याच्या मते भाषांतर म्हणजे गणित, उत्तर एकच.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर मी घरी सगळं सांगितलं. बाबांनी वही हातात घेऊन टेप दोनदा वाचली आणि त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"परवा म्हणजे गेलेला परवासुद्धा होतो," ते म्हणाले. "तू तसंच लिही. यात खोटं काय आहे?"

"अहो, पण त्यांना काय म्हणायचं होतं?" आईने विचारलं.

"ते हिला विचारलेलं नाही. शब्दाचा अर्थ विचारलाय."

बाबांची एकदा हॉस्पिटलात चौकशी झाली होती, त्यांची काही चूक नसताना, आणि तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला होता की विचारतील तेवढंच सांगायचं, एक शब्द जास्त नाही. सही गेली की तुझं करिअर सुरू होण्याआधीच संपलं, ह्या देशात आपल्याला दुसरी संधी देत नाहीत, असं ते बराच वेळ सांगत होते. मी म्हटलं, बाबा, काकांची नोकरी जाईल, त्यांना परत पाठवतील. बाबा म्हणाले, "त्यांचे लोक आहेत ना इथे, विहारातले. ते बघतील त्यांचं."

'त्यांचे लोक' हे शब्द आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण कानावर पडून जायचे. त्या संध्याकाळी ते मला ऐकू आले. बाबा वाईट नव्हते. माझ्या तापात रात्र रात्र बसलेले, पेशंटच्या नातेवाइकांना स्वतः घरी सोडून येणारे बाबा. तरी ते म्हणाले ते म्हणालेच, आणि आज ते नसताना हे लिहायला मला जड जातंय. पण ह्यातलं काही गाळलं तर परत तीच दूधवाल्याची गोष्ट होईल. आणि मी तरी काय केलं? चिडून ताटावरून उठले नाही. बाबांचं म्हणणं मला पटायला हवं होतं, म्हणून मी भात कालवत बसले. आई उठून आत गेली, आणि तिने नळ मोठा सोडला.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. कॉलिनला बघायला हॉस्पिटलात गेले तर तोच मला धीर देत होता, गाड्या म्हणजे असं होतं, पोरी, मनाला लावून घेऊ नकोस. मी घरी येऊन कागद घेऊन बसायचे आणि एक ओळ लिहून फाडायचे. शनिवारी थालीपीठ तसंच पानात राहिलं. आई काही बोलत नव्हती, आणि माझी आई बोलत नाही म्हणजे घरात काहीतरी पेटलेलं असतं. रविवारी दुपारी मी ठरवलं, बस झालं, बाबा म्हणतात तेच लिहायचं. इंग्रजीत वाक्य लिहिलं, 'परवा फुल चार्ज केला', आणि त्या 'केला'पाशी हात थांबला. टेपवर 'केला' नव्हतं. खोडून 'करायचा' लिहिलं. तेही नव्हतं. इंग्रजीत काही धड लिहायचं तर ते क्रियापद मला माझ्या पदरचं घालावं लागत होतं. जो शब्द माझ्यासमोर नव्हताच त्याखाली मी सही करणार होते.

मग मी वहीची मागची पानं उलटली. मी काकांच्या सगळ्या टेपा वहीत चिकटवून ठेवायचे, हिशेब नव्हे, नुसती सवय. पहिल्या महिन्यातल्या टेपा लांबलचक, प्रत्येक वाक्याला शेवटी क्रियापद. 'उद्या तपासण्यात येईल.' 'काल तपासण्यात आले.' त्या कुणीही, अगदी मीसुद्धा, चुकीच्या वाचू शकले नसते. मग एका तारखेपासून क्रियापदं गायब. ते माझ्यामुळे. वीस वर्षं बिनचूक नोंदी लिहिलेल्या माणसाने माझं मराठी कच्चं म्हणून आपलं मराठी कापून लहान केलं होतं, आणि आता त्याच तुकड्याने मी त्यांचा गळा कापायला बसले होते. मी तिथे, माझ्या खोलीत, ओक्साबोक्शी रडले. कुणाची तरी कीव आली म्हणून नाही, माझीच मला शिसारी आली म्हणून.

सोमवारी ऑफिसात आम्ही चौघं होतो. विमा कंपनीची बाई चष्मा कपाळावर चढवून बसलेली, ग्रॅहम खिडकीपाशी, काका इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाच्या टोकाला. मी माझा कागद बाईंच्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं की ह्या ओळीतल्या पहिल्या शब्दाचे दोन अर्थ होतात, आजपासून दोन दिवस मागे किंवा दोन दिवस पुढे, आणि नुसत्या शब्दावरून कुठला ते कळत नाही. बाईंनी तो दोनदा वाचला आणि चष्मा खाली घेतला.

"शब्द एकच? मग तुम्ही लोक एकमेकांना भेटता तरी कसे?"

"क्रियापदावरून कळतं," मी म्हटलं.

"ते कुठे आहे?"

"मीच काढायला सांगितलं होतं. मला वाचायला सोपं पडावं म्हणून."

ग्रॅहम खिडकीपासून वळला. आता थांबले असते तर पुन्हा कधीच बोलले नसते. मी सांगितलं की शब्दाचा घोळ ही निम्मीच गोष्ट आहे. जॉब कार्ड कोरं होतं ते मी पाहिलं होतं. काम पूर्ण झाल्याशिवाय काका कार्ड भरत नाहीत, हे मला माहीत असायला हवं होतं. चार्जरची नोंद मी उघडली नाही. टिक माझी, सही माझी. आणि चिठ्ठीचा खरा अर्थ मला बुधवारी, वाघमारे बोलले त्या क्षणी कळला होता. हे शेवटचं मला कुणी विचारलं नव्हतं. काका सगळा वेळ टेबलाकडे बघत होते. त्यांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की क्रियापद गाळायला नको होतं, तेवढी चूक माझी.

काकांची नोकरी राहिली. कौन्सिलने त्या वर्षी नाही म्हटलं आणि शेड कशीबशी तगली. कॉलिनचं मनगट सांधलं, पण तो परत आमच्या गाडीत बसला नाही. माझी सही गेली. ग्रॅहमने मला हाकलून दिलं नाही, एक वर्ष काकांच्या हाताखाली बॅटरीच्या कामावर टाकलं, पाने-पकडी उचलायला आणि वायरी सोलायला. बाबा म्हणाले, शेवटी मजूरच झालीस, आणि आठ दिवस माझ्याशी कुठल्याच भाषेत बोलले नाहीत. पुढे मी ज्या काही मोठ्या गाड्यांच्या बॅटऱ्या केल्या, ज्यांच्यावर माझं नाव लागलं, त्यांचं सगळं मूळ त्या एका वर्षात आहे. तेव्हा मात्र मला फक्त अपमान दिसत होता, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. खरं बोलून आले होते ना. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी सकाळी, काकांपुढे जाऊन उभी राहिले तेव्हा ते माझ्या पाठीवर हात ठेवतील, निदान हसतील, असं मला आतून वाटत होतं.

ते उघड्या बॅटरीवर वाकलेले होते. मी म्हटलं, काका, सॉरी. माफ करा. त्यांनी हातातला बोल्ट पूर्ण आवळला, मग सरळ झाले.

"खरं सांगितलंस, चांगलं केलंस," ते म्हणाले. "पण तुला बुधवारी कळलं होतं. सांगितलंस सोमवारी."

त्यांनी पाना खाली ठेवला.

"शोभा रोज फोनवर विचारायची, काय झालं, आम्ही यायचं ना? मी तिला रोज सांगायचो, परवा कळेल."

मग त्यांनी रबरी हातमोजे माझ्यापुढे ठेवले आणि उघड्या बॅटरीपाशी धातू नको म्हणून मला बोटातली अंगठी काढून ठेवायला सांगितली.